अंधारातला कान, उजेडातला डोळा

घुबड, गरुड आणि ससाणा या तिघांचीही चोच आकड्यासारखी वळलेली असते, पायांना बाकदार नख्या असतात आणि नजर करारी असते. त्यामुळे हे सगळे एकाच कुळातले असावेत, हा समज फार जुना आहे. कार्ल लिनियसने १७५८ साली पक्ष्यांची गटवारी केली, तेव्हा गिधाडे, ससाणे, घुबडे आणि त्यांच्या जोडीला चक्क खाटीक पक्षीही त्याने एकाच गणात घातले. तो गण आता मोडीत निघाला आहे. गरुड, घारी, शिक्रे आणि गिधाडे एका शाखेवर आहेत, घुबडांची शाखा स्वतंत्र आहे. ससाणे तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासानंतर गरुडांपासून तुटून पोपट आणि चिमण्यांच्या वंशाजवळ जाऊन बसले.

म्हणजे चोच आणि नख्यांचे साम्य नात्यातून आलेले नाही, पोट भरण्याच्या सारख्या पद्धतीतून आले आहे. जिवंत प्राणी पकडून फाडून खायचा, तर हत्यारे साधारण सारखीच लागतात आणि उत्क्रांतीत ती एकाहून अधिक वेळा घडली. मात्र शिकार कधी करायची आणि कशाची, यावर बाकीचे शरीर ठरत गेले. मारण्याची रीतसुद्धा एक नाही. गरुड आणि शिक्रा पायांनी मारतात, भक्ष्यात नख्या रुतवून ते पकड आवळत नेतात. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो. भक्ष्य पायात धरून तो मानेच्या मणक्यांवर चावा घेतो आणि काम संपवतो. घुबड उंदराएवढे भक्ष्य बहुधा सबंध गिळते. न पचलेली हाडे आणि केस पोटात आवळून त्यांचा गोळा तयार होतो आणि काही तासांनी तो तोंडावाटे बाहेर पडतो. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली असे गोळे सापडतात. ते फोडले की आतल्या कवट्यांवरून त्याने कोणते उंदीर खाल्ले हे ओळखता येते. दिवसा शिकार करणारे पक्षीही असे गोळे टाकतात, पण त्यांचे जठररस अधिक तीव्र असल्याने त्यात हाडे फारशी उरत नाहीत.

घुबडांच्या जगभरात सुमारे अडीचशे जाती आहेत. त्यांच्यापैकी शास्त्रज्ञांनी सर्वांत बारकाईने अभ्यासलेले घुबड महाराष्ट्रातही घराजवळच राहते. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवळांच्या शिखरांत, पडक्या बुरुजांत आणि धान्याच्या गोदामांत मुक्काम करणारे, पांढऱ्या बदामी चेहऱ्याचे हे गव्हाणी घुबड. ते मिट्ट काळोखात उंदीर कसा पकडते, हा प्रश्न अमेरिकी संशोधक रॉजर पेन याने हाती घेतला. त्याने पूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर वाळका पाला पसरला आणि उंदीर सोडला. पाला खसखसला की घुबड अचूक झडप घालत असे. मग उंदराऐवजी कागदाचा बोळा दोरीला बांधून पाल्यातून ओढला, तर घुबडाने तोही पकडला. कागदाला उंदराचा वास नसतो आणि अंगाची ऊबही नसते, म्हणजे उरला तो आवाज. एका कानात बोळा घातला तेव्हा मात्र घुबडाचा नेम चुकला. पेनचा सविस्तर निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. हंपबॅक देवमाशांची गाणी जगाला ऐकवणारा पेन तो हाच.

नेम चुकण्यामागचे कारण कानांच्या रचनेत आहे. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात. डाव्या कानाचे भोक थोडे वर असून त्याचा रोख खाली असतो, उजवा कान खाली असून त्याचा रोख वर असतो. जमिनीकडून आलेला आवाज डाव्या कानाला मोठा ऐकू येतो, वरून आलेला उजव्याला. यावरून आवाजाची उंची कळते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे तो कोणत्या कानाला आधी पोचला यावरून ठरते आणि हा फरक सेकंदाच्या लक्षांशाएवढा असला तरी घुबडाला तो जाणवतो. चेहऱ्यावरची ती तबकडी शोभेची नाही. ताठ, दाट पिसांच्या कडांनी ती आवाज गोळा करून कानांकडे वळवते. मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी १९७८ साली दाखवून दिले की घुबडाच्या मेंदूत आवाजाचा नकाशाच असतो: एखादी पेशी अमुक एका दिशेच्या आवाजालाच प्रतिसाद देते, शेजारची पेशी तिच्या शेजारच्या दिशेला. मेंदू जागा कशी ओळखतो, याविषयीच्या आजच्या समजुतीत या घुबडाचा वाटा मोठा आहे. शृंगी घुबडाच्या डोक्यावर जे दोन कान उभे दिसतात, त्यांचा मात्र ऐकण्याशी काही संबंध नाही. ती नुसती पिसे आहेत.

इतक्या बारीक आवाजावर जगायचे तर स्वतःच्या पंखांचा आवाज परवडत नाही. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि वरच्या पृष्ठभागावर मखमलीसारखी लव असते. हवेचा झोत या तिन्हींमुळे विस्कळित होतो आणि फडफड जवळजवळ ऐकूच येत नाही. उंदराला चाहूल लागत नाही हा एक फायदा आणि उडतानाही घुबडाला उंदीर ऐकू येत राहतो हा दुसरा. या स्पष्टीकरणाची पडताळणी नदीकाठी होते. ओढ्या-नद्यांलगतच्या जुन्या झाडांवर राहणारे तपकिरी मत्स्य घुबड मासे आणि खेकडे पकडते. पाण्याखालच्या माशाला वरचे पंख ऐकू येत नाहीत आणि घुबडालाही मासा ऐकू येत नाही, तो दिसावाच लागतो. या घुबडाच्या पंखांची झालर अगदीच तोकडी असते, ते उडाले की फडफड ऐकू येते आणि त्याची चेहऱ्याची तबकडीही अस्पष्ट असते. गरज संपली तसा सरंजामही गेला. त्याच्या तळपायांवर मात्र निसटता मासा धरून ठेवणारे खरखरीत काटे आहेत. घुबडांशी काडीचेही जवळचे नाते नसलेल्या मासेमार कैकराच्या पायांवरही तसेच काटे असतात.

घुबडाला अंधारात माणसाच्या शंभरपट दिसते, असे सर्रास छापले जाते. युरोपातल्या टॉनी घुबडावर झालेल्या मोजमापांत ही क्षमता माणसाच्या जेमतेम अडीचपट निघाली. दिवसा घुबड आंधळे असते ही समजूतही चुकीची आहे. बाहुल्या बारीक करून ते उजेडात व्यवस्थित पाहते. त्याच्या डोळ्यांची खरी अडचण वेगळी आहे. डोळे इतके मोठे आहेत की ते गोल न राहता नळीसारखे लांबट झाले आहेत आणि हाडांच्या कड्यात घट्ट बसले आहेत. ते खोबणीत फिरत नाहीत, म्हणून बाजूला पाहायचे तर मानच वळवावी लागते. माणसाच्या मानेत सात मणके असतात, घुबडाच्या मानेत चौदा. एका बाजूला सुमारे २७० अंशांपर्यंत ते मान वळवू शकते. एवढ्या पिळाने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जायला हव्यात. त्या का जात नाहीत, याचा शोध अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या चमूने क्ष-किरण चित्रे काढून घेतला. मणक्यांतली ज्या छिद्रांतून धमनी जाते, ती तिच्या जाडीच्या सुमारे दसपट रुंद असतात, त्यामुळे तिला सरकायला जागा मिळते. शिवाय कवटीच्या तळाशी धमन्या फुगून रक्ताचा थोडा साठा करतात आणि वळवलेल्या मानेतून पुरवठा मंदावला तरी मेंदूचे भागते.

सगळी घुबडे निशाचर नसतात, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण सातपुड्यात आहे. रानपिंगळा हा वीतभर उंचीचा, जाड चोचीचा, पांढऱ्या पोटाचा पक्षी. पहिला नमुना १८७२ साली ब्ल्यूइट याने आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळवला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम हाच. त्यानंतर एकूण सात नमुने जमा झाले. शेवटचा जेम्स डेव्हिडसन याने १८८४ साली खानदेशात मिळवला आणि तिथून पुढे हा पक्षी जणू संपला. सलीम अलींच्या पिढीलाही तो सापडला नाही.

या शोधात एक मोठा अडथळा होता आणि तो नैसर्गिक नव्हता. ब्रिटिश सैन्याधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्त्झहागन याने आपण १९१४ साली गुजरातेतल्या मांडवी येथे रानपिंगळा मारल्याचा दावा केला होता आणि नमुनाही पुढे केला होता. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक निघाला. संग्रहालयातून चोरून, शिवण उसवून, नव्याने पेंढा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. खोटे ठिकाण यादीतून वगळल्यावर खऱ्या जुन्या ठिकाणांकडे लक्ष गेले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे आधी पूर्वेकडे हिंडले, हाती काही लागले नाही. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. तो दिवसा, उघड्यावर, उन्हात बसतो हे तोवर कोणाच्या ध्यानात नव्हते. त्यानंतर तोरणमाळ, यावल आणि मेळघाटात तो आढळला, शेजारच्या मध्य प्रदेशात आणि गुजरातेतही आढळला, आणि २०१४ साली मुंबईपासून फारशा दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. सागाच्या कोरड्या जंगलात सरडे, उंदीर आणि नाकतोडे पकडून तो जगतो आणि झाडांच्या ढोलीत घरटे करतो. नव्या नोंदींमुळे २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली आणले गेले. जंगलतोड मात्र त्याच्या सगळ्याच ठिकाणी चालू आहे.

दिवसाच्या शिकाऱ्यांचे सगळे काम डोळ्यांवर चालते. गरुडाची नजर माणसाच्या आठपट तीक्ष्ण असते हे वाक्यही शंभरपटीच्याच जातीचे आहे. ऑस्ट्रेलियातल्या गरुडावरच्या प्रयोगांत ती सुमारे दुप्पट-अडीचपट निघाली, आणि तीही भर उजेडात. संधिप्रकाशात ती झपाट्याने उतरते. युरोपातली खरुची उंदरांच्या मूत्राच्या खुणा अतिनील प्रकाशात पाहते, असेही १९९५ पासून पुस्तकांत येते. पुढे शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या भिंगांतून अतिनील प्रकाश फारसा आत जातच नसल्याचे दिसले आणि तो दावा लंगडा पडला.

ससाण्याच्या दृष्टिपटलावर सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या जागा दोन असतात. त्यांतली अधिक तीक्ष्ण जागा समोर पाहत नाही, बाजूला सुमारे ४५ अंशांवर पाहते. दूरवरचे कबूतर नीट दिसावे म्हणून डोके वाकडे करावे, तर ताशी शेकडो किलोमीटरच्या झेपेत हवेचा अवरोध वाढतो. व्हान्स टकर याने २००० साली या पेचाचे उत्तर दाखवून दिले: ससाणा डोके सरळ ठेवून स्वतःच गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार मार्गाने खाली येतो, म्हणजे भक्ष्य कायम त्याच कोनात राहते. बहिरी ससाणा अशा सुरात ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो आणि त्याच्याहून वेगवान प्राणी ज्ञात नाही. त्याची शाहीन ही भारतीय उपजात सह्याद्रीच्या कड्यांवर अंडी घालते.

गावा-शहरांत रोज दिसणारे शिकारी याहून साधे आहेत. कापशी घार शेतावर एकाच जागी पंख मारत तरंगते आणि उंदीर दिसला की पाय खाली सोडून उतरते. शिक्रा झाडात लपून बसतो आणि सरडा किंवा चिमणी टप्प्यात आली की सुटतो. पावसाळ्याआधी ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा शिक्र्याची हुबेहूब नक्कल वाटावा असा दिसतो. सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकणाऱ्या या पक्ष्याला घाबरून लहान पक्षी दूर पळतात, त्यात त्याचा फायदाच असतो.

आकाराने लहान पण प्रवासाने सर्वांत मोठा म्हणजे अमूर ससाणा. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी सैबेरिया आणि उत्तर चीनमध्ये पिल्ले वाढवतो आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो ससाणे नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी उतरतात आणि वाळवीवर ताव मारून चरबी साठवतात. २०१२ साली तिथे जाळी लावून त्यांची हजारोंनी कत्तल होत असल्याचे उघडकीस आले. पांगती आणि आसपासच्या गावांनी पुढच्याच हंगामात शिकार थांबवली, आणि २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसली. त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावे दिली गेली. मध्य आणि पश्चिम भारत ओलांडून हे पक्षी न थांबता अरबी समुद्रावरून सोमालियाला पोचतात. एवढा समुद्र उपाशी पार होणे अवघड, म्हणून त्याच सुमारास त्याच दिशेने स्थलांतर करणारे चतुर ते वाटेत खात असावेत, असे मानले जाते. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांचे थवे थोडा वेळ टेकतात.

शिकारी पक्ष्यांत बहुधा मादी नरापेक्षा मोठी असते. शिक्र्यात आणि बहिरी ससाण्यात हा फरक लांबूनही कळतो. कारणावर अजून एकमत नाही. पिल्लांच्या बाबतीतही घराघरांत फरक आहे. गव्हाणी घुबडाची मादी दर दोनेक दिवसांनी एक अंडे घालते, पण उबवायला पहिल्यापासूनच बसते. त्यामुळे एकाच घरट्यात थोरल्या आणि धाकट्यात दोन आठवड्यांचे अंतर पडू शकते. कित्येक गरुडांत अशा वेळी थोरले पिल्लू धाकट्याला चोची मारून संपवते. गव्हाणी घुबडाची पिल्ले मात्र रात्री आवाज काढून आपापली भूक सांगतात, ज्याची हाक जोरकस त्याच्यासाठी बाकीची मागे सरतात, आणि थोरली कधी कधी आपला उंदीर धाकट्याला देतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात अलेक्झांद्र रुलँ यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

गिधाड गरुडाच्या कुळातले असूनही शिकार करत नाही. रुंद पंखांनी उष्ण हवेच्या झोतावर चढायचे आणि वरून मेलेले जनावर शोधायचे, ही त्याची रीत. १९७३ साली आयव्हरी कोस्टवर एका विमानाला सुमारे ११,३०० मीटर उंचीवर रुपेल जातीचे गिधाड धडकले होते. पक्ष्याची एवढी उंची दुसरीकडे कुठे नोंदली गेलेली नाही. त्याचे जठराम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक जंतू त्यात मरतात. मरत नाही ते औषध. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे पटापट मरू लागली आणि दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली लिंडसे ओक्स यांच्या चमूने पाकिस्तानात कारण शोधले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. असे जनावर खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होतात. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांवरही घातली. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची संख्या घटली त्या वेगाने भरून येत नाही. हरियाणातल्या पिंजोर येथे बंदिवासात गिधाडे वाढवली जातात आणि तिथली काही २०२४ साली ताडोबा व पेंचच्या जंगलांत आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावच्या लोकांनी घरट्यांची झाडे राखली, म्हणून कोकणात गिधाडे टिकली. पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो त्या मुंबईच्या डुंगरवाडीत गिधाडेच उरली नाहीत, तेव्हा त्याला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

अन्नसाखळीच्या टोकावर बसलेल्याला विष असेच पोचते. डीडीटीमुळे ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटतात, हे ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ याने १९६७ साली मांडले. आपल्याकडे उंदीर मारण्यासाठी ठेवलेले विष घुबडांपर्यंत जाते, कारण विष खाल्लेला उंदीर मरण्याआधी सुस्तावतो आणि सहज हाती लागतो. घुबडांवर दुसरे संकट माणसाच्या धास्तीचे आणि लोभाचे आहे. पहाटे दारी येणारा पिंगळा-जोशी पिंगळा या लहान घुबडाच्या बोलीवरून भविष्य सांगतो, ती परंपरा निरुपद्रवी. पण लक्ष्मीचे वाहन म्हणून किंवा करणीसाठी दिवाळीच्या सुमारास घुबडांचा चोरटा व्यापार होतो. ट्रॅफिक या संस्थेच्या २०१० च्या अहवालात भारतात आढळणाऱ्या ३० जातींपैकी १५ जाती बाजारात सापडल्याची नोंद आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी इला फाउंडेशनने २०१८ पासून घुबड महोत्सव भरवायला सुरुवात केली. त्यात शाळकरी मुलांना घुबडांची माहिती मिळते आणि त्यांनी काढलेली घुबडांची चित्रेही मांडली जातात.

शेतकऱ्यांना कृषी विभाग पक्षिथांबे लावायला सांगतो: पिकाहून उंच, इंग्रजी टी अक्षरासारखे, साध्या काठ्यांचे. दिवसा त्यांवर कोतवाल बसून अळ्या-किडे टिपतो. रात्री तीच जागा पिंगळ्याच्या आणि गव्हाणी घुबडाच्या कामी येते, मात्र त्या शेतात उंदरांचे विष टाकलेले नसावे.